एका विहिरीवरचे दहा मळे

एक नोकरी, आणि बाजूला आंतरजालावरचे पाच-दहा छोटे धंदे. एक बुडाला तरी बाकीचे तारतील. आयटीतल्या कुठल्याही कँटीनमध्ये हल्ली ही योजना कोणी ना कोणी मांडत असतं, विशेषतः कुठे नोकरकपातीची बातमी आली की. मांडणाऱ्याला ती नवीकोरी वाटते. प्रत्यक्षात ती चांगली तीस वर्षं जुनी आहे, आणि तिचा इतिहास गेले दोन विकांत मी उकरतोय. कारण शुद्ध स्वार्थी. माझी आणि एका मित्राची मिळून जी काही बचत आहे, ती यात घालायचा विचार चालू आहे. (घरी अजून सांगितलेलं नाही.)

सुरुवात बिल ग्रॉसपासून करायला हवी. कॅलटेकचा मेकॅनिकल इंजिनियर, कॉलेजात असतानाच लाउडस्पीकर बनवून विकणारा उद्योगी प्राणी. मार्च १९९६ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाला आयडियालॅब काढली. कल्पना अशी, की एक कंपनी काढण्यापेक्षा कंपन्यांचा कारखानाच काढू. जागा, हिशेब, कायद्याची कामं, तंत्रज्ञ सगळं सामायिक, आणि त्या छपराखाली एकामागून एक कंपन्या. खेळणी विकणारी ईटॉईज, फुकट इंटरनेट देणारी नेटझीरो, गाड्या विकणारी कार्सडायरेक्ट, आणि जाहिराती बघायच्या अटीवर चक्क कॉम्प्युटर फुकट वाटणारी फ्री-पीसी! वरवर बघितलं तर याहून विविध पोर्टफोलिओ शोधून सापडणार नाही.

मे १९९९ मध्ये ईटॉईज शेअरबाजारात आली. २० डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी ७६ च्या वर बंद झाला. एप्रिल २००० मध्ये आयडियालॅबने स्वतःच्याच शेअरविक्रीचे कागद दाखल केले, पण तोवर उशीर झाला होता. १० मार्चला नॅसडॅकने शिखर गाठलं होतं आणि उतरण सुरू झाली होती. ऑक्टोबरमध्ये कागद मागे घ्यावे लागले, मार्च २००१ मध्ये ईटॉईज दिवाळखोरीत गेली.

आता गंमत बघा. खेळणी, गाड्या आणि फुकट कॉम्प्युटर यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. खेळण्यांचा सीझन वाईट गेला म्हणून गाड्या खपायच्या थांबत नाहीत. पण यातल्या बहुतेकांचा रोजचा खर्च गिऱ्हाईक भागवत नव्हतं, गुंतवणूकदार भागवत होता. मळे दहा, पिकं दहा, विहीर मात्र एकच. ती आटल्यावर कुठल्या मळ्यात काय पेरलंय याला फारसा अर्थ उरला नाही.

याच कारखान्यातून एक चीज मात्र अशी बाहेर पडली, की पुढची वीस वर्षं आंतरजाल तिच्यावर चाललं. गोटू डॉट कॉम. १९९८ मध्ये ग्रॉसने मांडलेली कल्पना ऐकून लोक वैतागले होते: सर्चमध्ये वर कोण दिसणार ते बोली लावून ठरवायचं, आणि जाहिरातदाराने पैसे द्यायचे ते कोणी क्लिक केलं तरच. लोकांना ही लाचखोरी वाटली. २००१ मध्ये तिचं नाव ओव्हर्चर झालं, २००३ मध्ये याहूने ती सुमारे १६३ कोटी डॉलरला घेतली. दरम्यान गूगलनेही क्लिकवर बोली लावायची पद्धत आणली होती. पेटंटवरून खटला झाला आणि ऑगस्ट २००४ मध्ये गूगलने याहूला २७ लाख शेअर देऊन तो मिटवला. (ते शेअर आज कोणाकडे असते तर... असो.)

आपल्यासारख्यांचा प्रवेश होतो तो इथून पुढे. जून २००३ मध्ये गूगलचं ॲडसेन्स सगळ्यांसाठी खुलं झालं. तोवर साईटवर जाहिरात हवी तर जाहिरातदार गाठा, दर ठरवा, मग पैशांसाठी मागे लागा. आता कोडच्या चार ओळी चिकटवल्या की काम फत्ते. क्लिकच्या पैशातले ६८ टक्के तेव्हा साईटवाल्याला मिळायचे, हे गूगलने २०१० मध्ये उघड केलं. झालं! नोकरी सांभाळून रात्री पाच, दहा, पन्नास साईट्स काढणारी एक जमातच तयार झाली. एक साईट गृहकर्जावर, एक कुत्र्यांच्या आजारांवर, एक टक्कल पडण्यावर. विषय वेगळे म्हणून जोखीम वाटली गेली, असा समज. पण वाचक येणार गूगलच्या सर्चमधून आणि पैसे येणार गूगलच्या जाहिरातीतून. पाणीही त्याचं, मोटही त्याची.

हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर केला डिमांड मीडियाने. लोक काय शोधतात ते आधी सॉफ्टवेअरने काढायचं, मग त्या त्या प्रश्नावर फ्रीलान्स लेखकांकडून लेख लिहून घ्यायचे, साधारण १५ डॉलरला एक. त्यांची ईहाऊ ही साईट आठवत असेल. जानेवारी २०११ मध्ये कंपनी शेअरबाजारात आली तेव्हा तिची किंमत न्यूयॉर्क टाइम्स कंपनीपेक्षा जास्त झाली होती. पुढच्याच महिन्यात गूगलने सर्चचं सूत्र बदललं. हेच ते पांडा. अमेरिकेतल्या ११.८ टक्के शोधांवर परिणाम होईल, असं गूगलनेच सांगितलं होतं. एप्रिलच्या दुसऱ्या फेरीत ईहाऊ सापडली. डिमांड मीडियाकडे निदान डोमेन विकणारी ईनॉम तरी होती. तिथे गिऱ्हाईक दरवर्षी स्वतःच्या खिशातून पैसे भरतं, सर्चमध्ये कोण कितवा याच्याशी देणंघेणं नाही. टक्कलवाल्याकडे तसलं काही नव्हतं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र कार्सडायरेक्टची आहे. आयडियालॅबचं हे पोर पडझडीतून वाचलं आणि मग स्वतःच छोट्या साईट्स विकत घेऊ लागलं. २००५ मध्ये नाव बदलून इंटरनेट ब्रँड्स झालं. गाड्या, घरं, प्रवास, पुढे कायदा आणि आरोग्य. यांच्याकडेही जाहिरात होती, सर्चही होतं, पण सोबत वेगळ्या झऱ्याचं पाणी होतं. २००७ मध्ये त्यांनी व्हीबुलेटिन घेतलं, ज्याच्यावर तेव्हाच्या असंख्य चर्चामंडळांचा कारभार चालायचा. तिथे पैसा सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा. २०११ मध्ये नोलो घेतली, तिथे पैसा कायद्याच्या पुस्तकांचा. २०१४ मध्ये केकेआरने ही सगळी कंपनी ११० कोटी डॉलरला घेतली.

अर्थात त्यांनाही एक फटका बसलाच. मॉन्ट्रियलच्या एका जोडप्याने २००३ मध्ये सुरू केलेलं विकिट्रॅव्हल त्यांनी विकत घेतलं होतं. ते लिहायचे स्वयंसेवक. जाहिराती आणि कारभारावरून कुरबुर वाढत गेली. २०१२ मध्ये लिहिणाऱ्यांनी बाडबिस्तारा आवरला, आणि मजकूर मुक्त परवान्याखाली असल्यामुळे तोही सोबत नेला! कंपनीने दोघा स्वयंसेवकांना कोर्टात खेचलं, पण १५ जानेवारी २०१३ ला विकिव्हॉयेज रीतसर सुरू झालंच. डोमेन हातात राहिलं, माणसं गेली. साईट विकताना जो तक्ता दाखवतात त्यात महिन्याचे वाचक आणि महिन्याची कमाई असते, हे कुठेच नसतं.

सप्टेंबर २०२३ च्या गूगल अपडेटने पुन्हा कितीतरी छोट्या साईट्सचे वाचक नेले, आणि ऑगस्ट २०२४ पासून भारतातही सर्चच्या डोक्यावर एआयने लिहिलेलं उत्तर दिसायला लागलं. वाचकाने खालच्या साईटवर जायचंच कशाला? म्हणून आमच्या एक्सेल शीटमध्ये मित्राने केलेल्या 'विषय' या रकान्याशेजारी मी आणखी दोन रकाने घातले: 'गिऱ्हाईक कुठून येतं' आणि 'पैसे कोण देतं'. यादीत पाच धंदे होते. चारांच्या पुढे दोन्ही रकान्यांत एकच नाव आलं. पाचवा दिसायला अगदीच गबाळा आहे: हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्सच्या पावत्या काढणारं छोटं सॉफ्टवेअर. चाळीसेक सोसायट्या, एकीने दुसरीला सांगून आलेल्या, आणि वर्षाचे पैसे थेट सोसायटीच्या खात्यातून. मित्र म्हणतो, एक म्हणजे काही पोर्टफोलिओ नव्हे. मालकाची भेट पुढच्या रविवारी ठरली आहे. त्या चाळीसांतल्या किती सोसायट्या सॉफ्टवेअरमुळे टिकल्यात आणि किती खुद्द काकांच्या ओळखीमुळे, ते आधी विचारायचंय.