महाराजांचा निद्रानाश आणि त्यांची मुले

रावपुऱ्याचा टॉवर हे आपणां बडोदेकरांच्या नित्य परिचयाचे ठिकाण. तो महाराणी चिमणाबाई (प्रथम) यांच्या स्मरणार्थ १८९६ साली उभारला गेला, हे मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सहसा ध्यानी नसते. ७ मे १८८५ रोजी महाराणी निवर्तल्या, तेव्हा श्रीमंत सयाजीराव महाराज अवघे बावीस वर्षांचे होते आणि युवराज फत्तेसिंहरावांना दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

त्याच वर्षाच्या अखेरीस महाराजांचा दुसरा विवाह झाला आणि देवासच्या घाटगे घराण्यातील कन्या चिमणाबाई (द्वितीय) म्हणून राजवाड्यात आल्या. तथापि महाराजांची झोप उडाली ती उडालीच. मन उदास राही, अंगी थकवा असे. हवापालट व उपचार यांसाठी १८८७ च्या मे अखेरीस ते प्रथमच युरोपास निघाले, तेव्हा युवराज चार वर्षांचेही नव्हते.

त्या काळच्या वैद्यकात अशा प्रकृतीस ‘न्यूरस्थेनिया’, म्हणजे मज्जातंतूंची दुर्बलता, असे नाव होते. बिअर्ड नामक अमेरिकन डॉक्टरांनी १८६९ पासून ते रूढ केले. आज हे निदान जवळपास मागे पडले असून त्यातील अनेक लक्षणे नैराश्य वा चिंताविकार या सदरांत पाहिली जातात. शंभरावर वर्षांच्या अंतरावरून महाराजांचे निदान करण्याचा अधिकार आपणांस नाही. निद्रानाशाने त्यांचा पिच्छा दीर्घकाळ पुरविला आणि प्रकृतीसाठी त्यांना पुनःपुन्हा परदेशी जावे लागले, एवढे निश्चित.

या व्याधीने कारभार मात्र थांबला नाही. अमरेली भागात १८९३ साली सुरू झालेले सक्तीचे शिक्षण १९०६ मध्ये राज्यभर लागू झाले. परंतु न दिसणाऱ्या आजाराचा पुरावा काय द्यावा, हा प्रश्न राजालाही सुटत नाही. संस्थानिकांच्या परदेशगमनास सरकारी परवानगी हवी, असे परिपत्रक लॉर्ड कर्झन यांनी १९०० साली काढले, आणि महाराजांना ते फार झोंबले.

मुलांच्या शिक्षणात त्यांनी काही उणे ठेवले नाही. आज जेथे महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे, ती इमारत मूळची राजपुत्रांच्या शाळेची. पुढे फत्तेसिंहराव व शिवाजीराव ऑक्सफर्डला, जयसिंहराव हार्वर्डला गेले. शिस्त, शिक्षक, घोडा, ग्रंथ, सारे होते. बाप मात्र पुष्कळदा दूर असे. आणि जवळ असतानाही, रात्र जागून काढलेला माणूस सकाळी मुलांच्या वाट्याला कितीसा येणार?

पुढचा इतिहास क्लेशदायक आहे. फत्तेसिंहराव १९०८ मध्ये पंचविशीत गेले. शिवाजीराव १९१९ मध्ये, जयसिंहराव १९२३ मध्ये बर्लिन येथे निवर्तले. तीन पुत्रांचे मृत्यू पित्याला पाहावे लागले. या शोकांतिकेचे खापर महाराजांच्या आजारावर फोडणे अन्यायाचे होईल. एवढ्या मोठ्या दुःखाला एकच कारण कधी नसते. मला सलते ते निराळेच. वडील का जागतात, का निघून जातात, हे त्या मुलांना कोणी कधी सांगितले असेल का?

हा प्रश्न मला इतिहासाने नव्हे, घराने शिकविला. शासकीय सेवेत असताना, मुले शाळेत जाण्याच्या वयात, मला तीव्र नैराश्याने गाठले. कित्येक महिने औषधे चालू होती. गोळ्यांची पट्टी कपाटाच्या वरच्या फळीवर, धोतरांच्या घडीखाली असे. “बाबांना पित्ताचा त्रास आहे,” असे घरात ठरले होते. पत्नीने ते निष्ठेने निभावले. मीही कचेरीत तेच सांगत राहिलो. मुलीचे लग्न झाल्यावर, तिच्या कडेवर तिचे मूल असताना, एके दिवशी ती सहज बोलून गेली, “बाबा, तेव्हा तुम्ही बोलत नव्हतात ना, मला वाटायचं मीच काहीतरी चुकले आहे.” वीस वर्षे तिने हे मनात जपले होते. लपविल्याने तिचे रक्षण झाले, अशी माझी समजूत होती.

काळ थोडा बदलला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने उपचार घेणाऱ्या मातेपासून तिच्या तीन वर्षांखालील मुलाला सामान्यतः दूर करू नये, असे म्हटले आहे. आजारी माणूसही आई वा बाप असतो, हे कायद्याने मान्य केले. आपल्या जुन्या घरांनी ते अद्याप पुरते मान्य केलेले नाही. वाड्यांतून वंशावळी जपल्या, सनदा जपल्या. ‘अमुक काका जरा तसेच होते’ यापलीकडे मात्र आपण गेलो नाही.

मुलीला मी त्या दिवशी सगळे सांगितले. औषधाचे नावसुद्धा. ती बराच वेळ गप्प होती. मग उठून तिने चहा ठेवला, आणि जाताना म्हणाली, “दादालाही सांगा. त्यालाही असंच वाटत असेल.”