जंगलात हरणाचं शिंग सापडलं तर? घरी नेण्याआधी हे वाचा

मोहफुलं, तेंदूपत्ता किंवा सरपणासाठी रानात गेलेल्या माणसाला कधी कधी सांबराचं नाहीतर चितळाचं शिंग पडलेलं दिसतं. 'शिकार थोडीच केली, पडलेलंच तर उचललं', असं म्हणून ते घरी आणलं जातं. इथेच चूक होते.

शिंग गळतं कोणाचं?
सांबर, चितळ आणि भेकर यांच्या नरांची शिंगं ठराविक काळाने गळून पडतात आणि नवी येतात. काळवीट, चिंकारा आणि रोही यांची शिंगं मात्र गळत नाहीत, जन्मभर राहतात. त्यामुळे काळवीटाचं शिंग सापडलं म्हणजे जनावर मेलेलं किंवा मारलेलं असतं.

कायदा काय म्हणतो?
वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. सुरुवातीला परवाना काढून काही जनावरांची शिकार करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. शिंग, कातडं, मांस ही सरकारी मालमत्ता ठरते. असं काही हाती आलं तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. विकणं किंवा गुपचूप घरात ठेवणं हा गुन्हा आहे.

शिक्षा किती?
साधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. काळवीटासारख्या अनुसूची १ मधल्या प्राण्याची किंवा अभयारण्यातली शिकार असेल तर ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. गाडी, बंदूक, जाळंही जप्त होतं.

आजीच्या डब्यातलं सांबरशिंग
छातीत कफ झाला की सांबरशिंग उगाळून लावायची पद्धत अनेक घरांत होती. जुना तुकडा असला तरी मालकीचं प्रमाणपत्र नसेल तर अडचण येऊ शकते. लपवण्यापेक्षा वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारलेलं बरं.

पिकाचं नुकसान होतंय?
फासे लावू नका, कुंपणात करंट तर अजिबात सोडू नका. त्या तारेला रात्री पाणी द्यायला गेलेला आपलाच माणूसही चिकटू शकतो. नुकसान झालं की लगेच वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज द्या.

शिंग दिसलं तर हात न लावता जागा लक्षात ठेवा. साळिंदरासारखे प्राणी ते कुरतडून खातात, म्हणजे रानात ते वाया जात नाही. वनविभागाची हेल्पलाइन : १९२६.