टेम्स नदीचे दारवान

मराठीत नदीवरच्या लॉकला घरगुती शब्द नाही. भूगोलाच्या पुस्तकात 'जलपाश' असा शब्द भेटतो. पनामा कालव्याच्या धड्यात तो पाठ करायचा आणि परीक्षेनंतर विसरायचा. शब्द नाही, कारण वस्तू नव्हती. आपल्या नद्या पावसाळ्यात अंगावर येतात आणि उन्हाळ्यात खडक दाखवतात. वर्षभर मालाची नाव चालवावी असे त्यांचे वागणे नाही. पण हीच गोदावरी आंध्रात उतरली की तिच्या काठच्या लोकांना हा शब्द ठाऊक असतो. आर्थर कॉटनने 1847 ते 1852 या काळात दवलेश्वरमला बंधारा बांधला, त्यातून निघालेल्या कालव्यांतून पाण्याबरोबर नावाही चालल्या, आणि इंग्रजी 'लॉक'चे तेलुगूत 'लाकु' झाले. आत्रेयपुरमजवळच्या लोल्ल गावचे 'लाकुलु' तर तेलुगू चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी प्रसिद्ध आहेत.

हा शब्द आपल्यापर्यंतही यायचा होता. वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीतून थेट समुद्राला न्यायचा, अशी योजना 1860च्या दशकात जोरात होती. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला भद्राचलमच्या वर दुम्मगुडेमला, दुसरा इंचमपल्लीला, तिसरा सिरोंच्याच्या वर प्राणहितेत. दुम्मगुडेमला बंधारा, कालवा आणि लॉक उभे राहिले. पण 1867मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली, आणि 1871मध्ये नदीची योजना सोडून देण्यात आली. तिसऱ्या अडथळ्यापाशी लॉक झाले असते, तर त्यावर नेमलेला माणूस बहुधा मराठी किंवा तेलुगू बोलणारा असता आणि त्याच्या कामाला आपण काहीतरी नाव दिले असते.

ते काम नेमके काय असते, हे पाहायचे तर टेम्सकडे जावे लागते. तिथे हा पेशा अडीचशे वर्षे सलग चालत आला आहे.

टेम्स म्हटले की आपल्याला लंडनचे पूल आणि पार्लमेंट आठवते. ती भरती-ओहोटीची टेम्स. टेडिंग्टनच्या वरची टेम्स वेगळी आहे: संथ, वळणावळणाची, कुरणांतून जाणारी. या नदीवर मध्ययुगापासून जागोजाग बंधारे होते. काही पाणचक्क्यांसाठी, काही मासे अडवण्यासाठी. 1215च्या मॅग्ना कार्टात राजाकडून जी आश्वासने घेतली गेली, त्यांत टेम्स आणि मेडवे या नद्यांतले मासेमारीचे बंधारे काढून टाकण्याचे एक कलम आहे. सरदारांना नदी मोकळी हवी होती. कलम झाले, बंधारे राहिले.

बंधारा असेल तिथून नाव कशी न्यायची? त्यासाठी बंधाऱ्यात एक खिंड ठेवलेली असे. तिच्यात उभे खुंट आणि त्यांना टेकवलेल्या फळ्या. नाव आली की फळ्या आणि खुंट एकेक करून उपसायचे. तुंबलेले पाणी धाडकन खाली सुटायचे आणि त्या लोंढ्यावर स्वार होऊन नाव खाली जायची. वर जाणाऱ्या नावेला लोंढा ओसरेपर्यंत थांबून, मग दोर लावून, रहाटाने ओढून घ्यावे लागे. यात नावा उलटत, माणसे बुडत. शिवाय एक लोंढा सोडला की चक्कीचे पाणी गेले. ते पुन्हा साठेपर्यंत दळण बंद. त्यामुळे पाणचक्कीवाला पैसे घेतल्याशिवाय फळी हलवत नसे, आणि उन्हाळ्यात पाणी कमी असले तर पैसे घेऊनही हलवत नसे. खालचे पडाव दिवसेंदिवस पाण्याची वाट बघत गाळात रुतून बसत.

खानदेशातल्या फड पद्धतीत पाणी कुणाला किती वेळ सोडायचे ते पाहायला पाटकरी असतो. तो कुठल्या एका शेतकऱ्याचा नसतो, म्हणून त्याचे ऐकले जाते. टेम्सवर शेकडो वर्षे असा पाटकरीच नव्हता. ज्याला पाणी अडवून ठेवण्यात फायदा, त्याच्याच हातात फळ्या होत्या.

यावरची तोड म्हणजे दोन दारांची खोली. नाव आत घ्यायची, वरचे दार लावायचे, खालच्या दारातल्या झडपा उघडायच्या. खोलीतले पाणी हळूहळू उतरते आणि त्याबरोबर नावही. पाणी खालच्या नदीच्या पातळीला आले की खालचे दार ढकलले जाते. त्याआधी चार बैल लावले तरी ते हलत नाही, कारण वरच्या पाण्याचा दाब त्याला मिटून धरतो. सगळे काम पाण्याच्या वजनावर होते. चीनमध्ये 984 साली छियाओ वेइयुए नावाच्या अधिकाऱ्याने असे लॉक बांधले. त्यामागचे कारण मोठे मजेचे आहे: उतारावरून ओढताना धान्याच्या सरकारी नावा फुटत, आणि ती गडबड साधून धान्य चोरीला जाई. म्हणजे लॉकचा जन्मच मुळी राखणदारीच्या गरजेतून झाला.

टेम्सवर अशी पहिली लॉके ऑक्सफर्डजवळ इफ्ली, सँडफर्ड आणि स्विफ्ट डिच या ठिकाणी झाली, आणि 1635च्या ऑगस्टअखेर पहिला पडाव ऑक्सफर्डला पोहोचला. पुढे जवळजवळ शतक-दीडशतक काही घडले नाही. 1771च्या कायद्याने नदीच्या आयुक्तांना अधिकार मिळाले, आणि मेडनहेडच्या बोल्टर्सपासून सॉनिंगपर्यंत आठ लॉके दोन-तीन वर्षांत उभी राहिली. त्यांच्या उभारणीत हेन्लीचा एक पाद्री होता, हम्फ्री गेन्सबरो. चित्रकार थॉमस गेन्सबरोचा हा भाऊ. धाकट्या भावाची चित्रे टिकली. थोरल्याची लॉके साध्या लाकडाची असल्याने थोड्याच वर्षांत कुजली आणि पुन्हा बांधावी लागली.

लॉक आले तसा त्यावर पगारी माणूस आला. जकात घ्यायची, नावा आत-बाहेर करायच्या, दारे-झडपा राखायच्या. आयुक्त जमीनदार आणि प्रतिष्ठित लोक होते, ते नदीवर राहत नसत. नदीवर राहणारा हा एकटाच, आणि त्याच्या आजूबाजूला त्याच्यावर चिडलेले सगळे: जकात द्यावी लागते म्हणून तांडेल, पाणी जाते म्हणून चक्कीवाला, मासे अडतात किंवा जाळी टाकायची जागा गेली म्हणून कोळी. टेडिंग्टनचे लॉक 1811मध्ये लंडन महापालिकेने उघडले, तेव्हा तिथल्या राखणदाराला संगीन लावलेली रुंद तोंडाची बंदूक बाळगण्याची परवानगी द्यावी लागली होती. भीती दरोडेखोरांची नव्हती, चिडलेल्या कोळ्यांची होती. पाण्याचा न्याय करायला बसवलेल्या माणसाला बंदूक लागते, यात आपल्याकडच्या कुठल्याही कालव्यावरच्या माणसाला नवल वाटणार नाही.

सगळेच बंदुकीवर जगले नाहीत. हँबलडन लॉकचा केलेब गूल्ड 1777मध्ये कामावर लागला आणि 1836मध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, कामावर असतानाच वारला. एकोणसाठ वर्षे एक लॉक. त्याने लॉकवर भट्टी घातली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्या पडावांना तो ताजा पाव विकत असे. लांब, पुष्कळ बटणांचा कोट घालायचा आणि रोज रात्री कांद्याची लापशी खायचा, अशी त्याची आठवण सांगतात. रेमनमच्या चर्चच्या आवारात त्याला पुरले आहे.

मला या माणसाच्या पावाचे अप्रूप वाटते. खलाशी आणि जकातदार यांचे नाते जगात कुठेही गोडीचे नसते. लॉक भरायला-उतरायला जी दहा-पंधरा मिनिटे लागतात, त्या वेळात जकातदारापाशी पाव असला, तर भांडणाचा सूर खाली येत असावा. गूल्डला हे धोरण म्हणून सुचले असेल असे नाही, त्याला चार पैसे हवे असतील. पण इतकी वर्षे बंदुकीशिवाय गेली. त्याच्या कारकिर्दीत फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, नेपोलियन आला आणि गेला, 1789मध्ये टेम्स आणि सेव्हर्न नद्या कालव्याने जोडल्या गेल्या, त्यामुळे पश्चिमेकडचा माल त्याच्या दारावरून जाऊ लागला. त्याच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, 1835मध्ये, पार्लमेंटने ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कायदा मंजूर केला.

त्यानंतर जे झाले ते नागपूरला तीस वर्षांनी झाले तसेच. 1840मध्ये गाडी रेडिंगला पोहोचली, 1841मध्ये ब्रिस्टलला. नदीवरचा माल झपाट्याने आटला, जकात आटली आणि आयुक्तांनी पहिली कात्री लावली ती राखणदारांच्या पगाराला. लॉके आणि बंधारे मोडकळीला आले. अखेर लंडनकडच्या टेम्ससाठी 1857मध्ये स्थापन झालेल्या 'थेम्स कॉन्झर्व्हन्सी' या मंडळाकडे 1866मध्ये वरची नदीही सोपवली गेली. दिवाळखोरीतल्या संस्थेची नोकर माणसे नव्या संस्थेच्या हवाली झाली. नदीवर माल नाही, मग लॉकवर माणूस कशाला, हा प्रश्न तेव्हाच निघायला हवा होता. तो निघाला नाही, कारण नदीवर भलतेच गिऱ्हाईक आले.

ज्या आगगाडीने पडाव बुडवले, तिनेच शनिवार-रविवारी लंडनकरांना नदीवर आणून सोडले. जेरोम के. जेरोमचे 'थ्री मेन इन अ बोट' 1889चे. त्यातले तिघे या नव्या गर्दीचेच. त्यात लॉकमध्ये फोटोसाठी ऐटीत उभे राहिलेल्या या मंडळींच्या नावेचे नाक लाकडाच्या चौकटीखाली अडकते आणि खालून पाणी चढत असते. वाचताना आपण हसतो, पण राखणदाराच्या दृष्टीने तो प्रसंग हसण्याचा नाही. नाव अडकून पाणी चढत किंवा उतरत राहिले, तर ती काही क्षणांत उलटते. झडप ताबडतोब बंद करणारा माणूस काठावर लागतो. अस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतींनंतरच्या 1888मधल्या एका रविवारी बोल्टर्स लॉकमधून आठशे नावा आणि बहात्तर लाँच गेल्याची नोंद आहे. त्या गर्दीचे एडवर्ड जॉन ग्रेगरीने काढलेले चित्र 1897मध्ये रॉयल अकादमीत लागले: रेशमी छत्र्या, पांढरे पोशाख, एकमेकांत घुसलेल्या नावा, कुत्री. मोसमी यात्रेत पाणवठ्यावर उभ्या राहणाऱ्या एखाद्या पोलीसपाटलाची दशा त्या दिवशी राखणदाराची झाली असणार.

लॉकवर आता फुलबागा आल्या. कॉन्झर्व्हन्सी उत्तम बागेला बक्षीस देऊ लागली. सॉनिंगचा राखणदार जेम्स सॅडलर मधमाश्या पाळत असे. 'बर्कशायर पोळे' नावाची पेटी त्याने काढली, आणि टेम्सवर कविताही केल्या. पर्यटकांना राखणदार आवडतो तो असा: मिशीवाला, टोपीवाला, गुलाबांच्या ताटव्यात उभा. टेम्सवर जी चित्रमय पुस्तके निघतात त्यांत तो आजही असाच असतो.

या चित्रात त्याचे खरे काम दिसत नाही. लॉकची दारे उघडणे हे त्यातले सोपे काम, आणि ते कुणीही शिकू शकतो. अवघड काम शेजारच्या बंधाऱ्यावर असते. पाऊस पडला की वरून किती पाणी येते आहे हे पाहून बंधाऱ्याची किती दारे, किती उचलायची हे ठरवावे लागते. कमी उचलली तर वरची कुरणे आणि घरे बुडतात, जास्त उचलली तर खालच्या माणसावर एकदम लोंढा जातो. म्हणून वरच्याने खालच्याला कळवायचे, खालच्याने त्याच्या खालच्याला, अशी साखळी थेट टेडिंग्टनपर्यंत. दुष्काळात उलटी कसरत: थेंब न थेंब धरून ठेवायचा, कारण लंडन पिते ते बरेचसे पाणी टेडिंग्टनच्या वरच नदीतून उचलले जाते. पूर रविवारची सुट्टी पाहत नाही आणि रात्र पाहत नाही. राखणदाराला लॉकच्या काठावरच घर देण्यामागचे कारण हे आहे, गुलाब नव्हेत.

विसाव्या शतकात यंत्रे आली. ऑक्सफर्डच्या खालच्या बहुतेक लॉकांची दारे आता बटणावर हलतात. वर मात्र अजून लांब दांड्याला पाठ लावून ढकलावी लागतात. मंडळेही बदलत गेली: 1974मध्ये पाणी प्राधिकरण, 1989मध्ये नद्यांचे राष्ट्रीय प्राधिकरण, 1996पासून पर्यावरण संस्था. प्रत्येक बदलाबरोबर हिशेबनीस नव्याने तोच प्रश्न विचारतात, की एवढ्या माणसांचे नदीवर काय काम आहे. 2008मध्ये काही लॉकांवरची राखणदारांची घरे त्यांच्याकडून काढून त्यातून पैसा उभारण्याचा प्रस्ताव आला. नदीकाठच्या गावांनी आणि नावाड्यांनी आरडाओरड केली, प्रस्ताव मागे पडला. पण काठावर कायम राहणाऱ्यांची जागा पुष्कळ ठिकाणी हंगामी नोकर आणि उन्हाळ्यातले स्वयंसेवक घेत आहेत. 2014च्या हिवाळ्यात टेम्सला मोठा पूर आला आणि कितीतरी घरे पाण्यात गेली, तेव्हा बंधाऱ्यांवर कोण होते, किती जण होते, याची चर्चा पुन्हा झाली.

आज टेम्सवरच्या लॉकवर राखणदार नसला, तर तिथे 'सेल्फ सर्व्हिस' अशी पाटी लावलेली असते. नावेतला माणूस उतरतो, सूचना वाचतो, झडपा फिरवतो, पाणी समान झाले की दार ढकलतो, नाव बाहेर काढतो, मागे दार लावतो आणि पुढे जातो. शेजारच्या बंधाऱ्याकडे जाणाऱ्या फाटकाला मात्र कुलूप असते.