मृगाचा किडा आणि अरबी सन

पहिला पाऊस झाला की आमच्या कळंबला एखादा विद्यार्थी हमखास काडेपेटी घेऊन वर्गात येतो. पेटीत लाल मखमलीचा ठिपका वाटावा असा इवलासा जीव. उर्दूत त्याला ‘बीरबहूटी’ म्हणतात, मराठीत ‘मृगाचा किडा’. गंमत अशी की तो मुळात कीटकच नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, या महाशयांना आठ. म्हणजे नाते कोळ्याशी आणि गोचिडीशी!

मी मात्र त्याच्यावरून इतिहासाचा धडा सुरू करतो. कारण ज्या मृग नक्षत्राचे नाव या जिवाला मिळाले, त्याच मृगावर एके काळी मराठी मुलखाचे कारभारी वर्ष बदलत असे. आणि त्या वर्षाचे आकडे चक्क अरबी शब्दांत लिहिले जात.

हा ‘सुहूर सन’, बोलीतला ‘सुरसन’. अरबीत ‘शहर’ म्हणजे महिना आणि ‘शुहूर’ हे त्याचे अनेकवचन. इ. स. १३४४ मध्ये, मुहम्मद तुघलकाच्या अमलात तो सुरू झाला असे इतिहासकार मानतात. त्या वर्षी हिजरी ७४५ लागले होते. सुरसनाने तोच आकडा घेतला, पण पुढची चाल सूर्याची धरली.

असे का करावे लागले? हिजरी वर्ष चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. दरवर्षी ते साधारण अकरा दिवस मागे सरकते. रोजा आणि ईद साऱ्या ऋतूंतून फिरतात, यात इबादतीची अडचण नाही. उलट, उन्हाळ्याचा रोजा एकाच पिढीच्या वाट्याला कायम येत नाही. पण शेतसारा असा फिरवला तर शेतकऱ्याने तो भात पेरण्याआधीच द्यायचा काय? कर्जत तालुक्यातल्या भाताला चंद्र कळत नाही, पाऊस कळतो. म्हणून आकडा अरबांचा, वर्ष सूर्याचे आणि सुरुवात मृगाची, अशी सोय झाली. १३४४ मध्ये बरोबर असलेले हे दोन सन आज एकवीस वर्षांनी दुरावले आहेत. २०२५ च्या मृगाला सुरसन १४२६ लागले, तेव्हा हिजरी १४४६ संपत आले होते.

पेशव्यांच्या दफ्तरातल्या मोडी कागदांवर हाच सन दिसतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ अशी तारीख मी फळ्यावर लिहितो. मराठीचे मोठे वाचकही इथे अडखळतात. आमची मुले मात्र लगेच ओळखतात. अलफ म्हणजे हजार, ‘अल्फ लैला’तला. मया म्हणजे शंभर, सितैन साठ, इहिदे एक. झाले ११६१. त्यात ५९९ मिळवा, १७६० येते. त्या वर्षीच्या मृगापासून पुढच्या मृगापर्यंतचे हे वर्ष. म्हणजे १४ जानेवारी १७६१ चे पानिपत याच सनात झाले! याच मोजणीतला ‘अशर’ म्हणजे दहा. मोहरमची दहावी तारीख ‘आशुरा’, ती याच शब्दावरून.

एकदा एका मुलाने विचारले, “सर, मग ही भाषा त्यांची की आपली?” मी त्याला पिकांची नावे विचारली. खरीप आणि रब्बी. दोन्ही अरबी: ‘खरीफ’ म्हणजे शरद आणि ‘रबी’ म्हणजे वसंत. रबी-उल-अव्वल महिन्यातला आणि रब्बीच्या ज्वारीतला ‘रबी’ एकच. हे शब्द बोलताना शेतकरी धर्म विचारत नाही. त्या तारखा लिहिणारे कारकून बहुतेक ब्राह्मण होते, त्यांनाही ते अरबी आकडे परके वाटले नाहीत.

देवघेव एकाच बाजूची नव्हती. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असते आणि आपल्या घरीही शेत असणारे ते विचारतातच. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला तर भरपूर पाऊस, कोल्हा निघाला तर हात आखडता. वाहन काढायची रीत मुलांना फार आवडते. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे आणि नऊने भागायचे. बाकी शून्य उरली तर हत्ती, एक उरली तर घोडा, दोन उरली तर कोल्हा. ८ जून २०२५ रोजी सूर्य मृगात गेला, तेव्हा चंद्र स्वातीत होता. मृगापासून स्वाती अकरावे. बाकी दोन. म्हणजे हरणाला वाहन कोल्हा! आदल्याच दिवशी बकरी ईद झाली होती. आणि मान्सून? तो २६ मे रोजीच मुंबईत हजर झाला होता. कोल्ह्याची त्याने वाटच पाहिली नाही. यात हवामानशास्त्र नाही, भागाकार आहे, हे मी मुलांना सांगतो. भागाकार मात्र पक्का होतो.

त्या मुलाला मी सरळ उत्तर दिले नाही. फळ्यावर चालू सुरसन अरबी शब्दांत लिहायला सांगितला. त्याने लिहिले: ‘सीत अशरीन अर्बा मया व अलफ’. मग मृगाचा किडा काडेपेटीतून काढून आम्ही अंगणातल्या ओल्या मातीत सोडून दिला.