सकाळची शाळा आणि मुलांची न्याहारी

सकाळच्या शाळेला जाणाऱ्या मुलांना झटपट काय करून द्यावं, हा प्रश्न आजकाल घरोघरी आहे. माझ्या भाच्या विचारतात, सून विचारते, शेजारच्या मुली विचारतात. पंधरा मिनिटांत होईल असं सांगा, गार झालं तरी चालेल असं सांगा, मुलं तोंड वाकडं करणार नाहीत असं सांगा! मी दोन-चार पदार्थ सांगतेच. पण इतिहास शिकवण्यात जन्म गेल्यामुळे माझ्या मनात दुसराच प्रश्न येतो. हा प्रश्न आपल्या आज्यांना पडत होता का?

माझ्या आजीला तरी तो पडलेला मी पाहिला नाही. ती सुगरण होती हे खरंच, पण कारण ते नव्हे. कारण असं की शाळा अकरा वाजता भरायची.

आम्ही मंडईजवळच्या एका वाड्यात राहायचो. सकाळी उठल्यावर कपभर दूध, रात्रीची पोळी उरली असली तर गूळ-तूप लावून तिची सुरळी, की झालं. चुलीवर एव्हाना भाताचं आधण चढलेलं असायचं. दहा वाजता वरण-भात, पोळी, भाजी असं पूर्ण जेवण. वडीलमंडळी कचेरीत निघायची, आम्ही शाळेत, आणि सगळ्यांची पंगत एकच. पाच वाजता घरी आलो की मग पोहे, चिवडा, लाडू जे असेल ते. म्हणजे 'मुलांची न्याहारी' असा वेगळा विभाग स्वयंपाकघरात नव्हताच. दुधावर दहापर्यंत सहज निघायचं.

अपवाद फक्त दोन. एक शनिवार आणि दुसरा एप्रिल महिना, कारण तेव्हा सकाळची शाळा असायची. त्या दिवशी आजी कुस्करा करायची, म्हणजे शिळ्या पोळीचे तुकडे करून कांदा घालून फोडणीला. नाहीतर मऊ भात, त्यावर मेतकूट आणि तूप. शनिवारी आम्हाला उत्सव वाटायचा तो अर्धा या कुस्कऱ्यामुळे.

पुढे शहर वाढलं, मुलं वाढली, इमारती मात्र तेवढ्याच राहिल्या. मग एकाच इमारतीत दोन अधिवेशनं सुरू झाली, एक सकाळचं आणि एक दुपारचं. शनिवारची शाळा रोजची झाली. सात-सव्वासातची घंटा, म्हणजे साडेसहाला घर सोडायचं. पुण्यातल्या आईपुढे न्याहारीचा प्रश्न उभा केला तो या घंटेने. पदार्थ बदलले ते नंतर, आधी घड्याळ बदललं. आपण मात्र उगीचच समजतो की हल्लीच्या मुलांच्या जिभेचे चोचले वाढले आणि आयांना वेळ नाही.

गंमत म्हणजे आपण सर्रास वापरतो तो 'नाश्ता' हा शब्द फारसीतून आला, आणि तिकडे त्याचा मूळ अर्थ आहे सकाळपासून काहीही न खाल्लेला, उपाशी. या अर्थाची मुलं मी शिक्षिका म्हणून फार पाहिली. त्यांच्याकडे पुढे वळतेच.

आता 'झटपट' या शब्दाकडे पाहू. आपल्याला वाटतं झटपट पदार्थ ही आत्ताची सोय. तसं मुळीच नाही. आपले पोहे घ्या. साळी गरम पाण्यात भिजवायच्या, भाजायच्या आणि गरम असतानाच कांडून चपट्या करायच्या. दाणा निम्मा-अधिक शिजलेला असतो, म्हणून तर पोहे नुसते भिजवले तरी खाता येतात. सुदाम्याने पुरचुंडीत भात नेला नाही, पोहे नेले, ते उगीच नव्हे! सातूचं पीठ घ्या. गहू आणि डाळं भाजून दळलेलं, दूध-गूळ घातला की तयार. जोंधळ्याच्या लाह्यांचं पीठ आणि ताक, नाचणीचं सत्त्व, मेतकूट, चुरमुरे, फुटाणे ही सगळी झटपट मंडळीच. मंडईच्या आसपासच्या पेठांत भडभुंज्यांच्या भट्ट्या होत्या. तिथली गरम वाळू घरातल्या चुलीचं निम्मं काम आधीच करून ठेवायची.

म्हणजे झटपट पदार्थात कष्ट नसतात असं नाही. कष्ट आदल्या दिवशी किंवा आदल्या महिन्यात झालेले असतात. आमच्या घरी ते आजीच्या दुपारी व्हायचे. आजीची दुपार संपली तेव्हा ते कारखान्यात गेले, आणि त्याचे पैसे पडू लागले.

कारखान्याच्या पदार्थांत पहिला मान बिस्किटाचा. आज मुलाच्या हातात आपण सहज बिस्किट देतो, पण याच पुण्यात बिस्किटावरून केवढं रामायण झालंय! १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. त्यात टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. नावं वर्तमानपत्रात छापली गेली, ग्रामण्य झालं, आणि रानड्यांसारख्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावं लागलं. पार्ल्याच्या कारखान्याने १९३९ मध्ये बिस्किटं करायला घेतली. माझ्या पिढीपर्यंत चहात बुडवलेलं ग्लुको बिस्किट ही गरिबाघरची न्याहारी होऊन बसली होती. पन्नास-साठ वर्षांत बाट ते न्याहारी! पण पोषण म्हणून पाहिलं तर मैदा आणि साखर. तासाभरात पोट पुन्हा रिकामं.

मग १९८३ साली दोन मिनिटांची मॅगी आली. १९९४ मध्ये केलॉगचे कॉर्नफ्लेक्स आले. कॉर्नफ्लेक्स म्हणजे तरी काय, मक्याचे पोहेच की. अमेरिकेत १८९४ साली केलॉग बंधूंनी शिजलेला गहू लाटण्यांतून काढून त्याचे पापुद्रे भाजले, तिथून हे सुरू झालं. ते गार दुधात घालून कुरकुरीत खायचे. आपल्याकडे सकाळी दूध तापवून गरम प्यायची रीत. गरम दूध ओतलं की त्यांचा झाला लगदा, आणि मुलांनी केले नखरे. कंपनीला आपल्या सवयीशी जुळवून घेता घेता बराच काळ लागला. तोपर्यंत आपले पोहे कढईत शांतपणे वाफ घेत होते.

हे सगळं झालं ज्यांच्या घरी सकाळी आई असते त्यांचं. मंडईतल्या मुलांची गोष्ट वेगळी होती.

मी सकाळच्या अधिवेशनात शिकवत होते. वर्गात भाजीवाल्यांची, हमालांची, घरकाम करणाऱ्या बायकांची मुलं असायची. घाऊक बाजार मंडईतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेल्यावर तर किरकोळ विक्रेत्याला पहाटे आधी तिकडे जाऊन माल घ्यावा लागायचा, मग तो मंडईत आणून मांडायचा. आई-बाप दोघंही चार वाजता घराबाहेर. मूल आपलं आपण उठायचं, धाकट्याला उठवायचं आणि शाळेत यायचं. फार तर कोपऱ्यावरचा चहा आणि एक खारी. पहिल्या दोन तासांत "बाई, पोटात दुखतंय" असं मूल म्हणालं की आम्ही बायका एकमेकींकडे बघायचो. पोट दुखत नसायचं, रिकामं असायचं. पण भूक लागली असं मूल सांगत नाही, त्याला लाज वाटते. शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात आम्ही फुटाणे आणि गुळाचा डबा ठेवायचो. पोटात दुखणाऱ्याला मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा. गुण हमखास यायचा.

या मुलांच्या पोटाचा विचार पूर्वी कुणी केला होता का? केला होता, आणि ज्यांनी केला त्यांचंच नाव आज मंडईला आहे.

आजची महात्मा फुले मंडई १८८६ मध्ये सुरू झाली. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या पटांगणात भरत असे. नव्या अष्टकोनी इमारतीला मुंबईच्या गव्हर्नरचं नाव मिळालं, रे मार्केट. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर एवढा खर्च करायला त्यांनी विरोध केला होता. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढेही त्यांनी हेच मांडलं, की कर शेतकऱ्याच्या घामाचा आणि शाळा मात्र वरच्यांना, हे बरं नव्हे, प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. आणि पोटाचं म्हणाल तर त्याच्याही आधी, १८७७ च्या दुष्काळात, सत्यशोधक समाजाने धनकवडीला उपाशी मुलांसाठी बालाश्रम उघडून अन्न दिलं होतं. आधी खायला, मग शिकायला हे जोतीराव आणि सावित्रीबाईंना स्वच्छ दिसलेलं होतं.

पुढे १९३०च्या दशकाच्या अखेरीस, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना, या इमारतीला महात्मा फुल्यांचं नाव दिलं गेलं. ज्या इमारतीच्या खर्चाला त्यांनी विरोध केला, तिलाच त्यांचं नाव! काहीजण याला विनोद म्हणतात. मला मात्र हे नाव तिथे असलेलं बरं वाटतं. भाजीवाल्याच्या मुलाच्या शाळेची आठवण त्या दारावर लिहिलेली राहते.

फुल्यांनंतर सरकारला शाळेतल्या मुलाचं पोट दिसायला मात्र फार वेळ लागला. १९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि परदेशी मिलो आली. गुळाची ती कोरडी सुकडी मुठीने खाल्लेले आज साठी-सत्तरीत आहेत आणि तिची चव अजून सांगतात. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राची शालेय आहाराची योजना आली, पण सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी मुलांच्या हातात महिन्याचे तांदूळच दिले जात. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला, आणि मग आपल्याकडे शाळाशाळांत खिचडी शिजू लागली. नाव 'मध्यान्ह भोजन', पण सकाळच्या अधिवेशनातल्या कितीतरी मुलांच्या पोटात त्या दिवशी पडणारं ते पहिलं अन्न असायचं. खिचडीला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेत सकाळची न्याहारीही द्यावी असं लिहिलेलं आहे. २०२१ मध्ये जुन्या योजनेला नवं नाव मिळालं, पण न्याहारी काही त्यात आली नाही. तामिळनाडूने मात्र सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळचा उपमा, खिचडी, पोंगल सुरू केलं. त्यांना जमतं तर आपल्याला का जमू नये, असं मला नेहमी वाटतं. हमालांसाठी १९७४ साली हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' सुरू केली ती याच पुण्यात. हमालाला स्वस्तात झुणका-भाकर मिळण्याची सोय या शहराला सुचली, मग त्याच्या मुलाच्या सकाळच्या घासाची का सुचू नये?

घड्याळाचा प्रश्न मात्र आपल्या राज्याने हाती घेतला. मुलांची झोप होत नाही असं राज्यपालांनी बोलून दाखवलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश निघाला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. त्यावर दोन अधिवेशनं चालवणाऱ्या शाळांनी आणि बसवाल्यांनी अडचणी सांगितल्या, त्याही खऱ्या आहेत. पण मूल नऊला शाळेत गेलं तर त्याला आठ वाजता भूक लागते आणि ते नीट खातं. साडेसहाला कुणालाच भूक नसते हो! तेव्हा मुलाच्या घशात घास कोंबणाऱ्या आईला माझं सांगणं, की तुमचा पदार्थ चुकत नाही, वेळ चुकते आहे. दूध आणि दोन खजूर देऊन पाठवा आणि खरी न्याहारी डब्यात द्या.

आता विचारलंच आहे तर पदार्थही सांगते. पोळीची कणीक रात्री मळून ठेवा, सकाळी तिचाच गूळ-तूप लावून रोल, डब्याला उत्तम. धिरड्याचं पीठ रात्री भिजवा, सकाळी किसलेलं गाजर घालून दोन मिनिटांत धिरडं. थालीपिठाची भाजणी महिन्याची करून ठेवा. पोहे करताना मूठभर दाणे आणि मटार घाला, नुसत्या पोह्यांनी पोट धरत नाही. उरलेल्या भाताला फोडणी देताना दोन चमचे दही घाला, मुलं आवडीने खातात. आणि हे सगळं आईनेच करावं असं कुठे लिहिलेलं नाही. रात्री कणीक मळायला बाबांचेही हात चालतात.

माझी नात यंदा पाचवीत गेली, म्हणजे नऊचा नियम तिला लागू नाही आणि शाळा सव्वासातची. म्हणून परवा गहू आणि डाळं भाजून सातूचं पीठ दळून आणलंय. थोडं जास्तच झालंय. भाच्यांपैकी ज्यांना हवं असेल त्यांनी येताना डबा घेऊन यावं.