फ्रांकफुर्टच्या घरातील अळ्यांचे डबे

१/ इ.स. १६६०. जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरात तेरा वर्षांची एक मुलगी घरात रेशमाचे किडे पाळू लागली. मारिया सिबिला मेरियन तिचे नाव. वडील नामांकित उत्कीर्णक होते. तिच्या बालपणीच ते वारले. सावत्र वडील याकोब मारेल फुलांचे चित्रकार. रंग, कुंचले घरचेच होते. विद्यापीठाचे दार मात्र मुलींना बंद होते.

२/ किडे चिखलातून, कुजक्या पदार्थांतून आपोआप उपजतात, हा ॲरिस्टॉटलपासून चालत आलेला समज तेव्हा दृढ होता. फ्रान्चेस्को रेडीने उघड्या आणि जाळीने झाकलेल्या बरण्यांत मांस ठेवून या समजाला धक्का दिला, तो १६६८ साली. म्हणजे मारियाच्या आरंभानंतर आठ वर्षांनी.

३/ तिची रीत साधी होती. अळी ज्या झाडावर सापडली त्याचीच पाने तिला घालायची, रोज पाहायचे, लिहायचे, रंगवायचे. अंडे, अळी, कोष, पतंग. ही नोंदवही आज सेंट पीटर्सबर्गमध्ये जतन केलेली आहे. कधी कोषातून फुलपाखराऐवजी माश्यांसारखे कीटकच बाहेर पडत. त्या अळीच्या शरीरात वाढणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या होत्या, हे आज आपण जाणतो. उलगडा झाला नाही म्हणून तिने नोंद गाळली नाही. माझ्या मते तिची खरी थोरवी येथे आहे.

४/ १६७९ मध्ये तिचा सुरवंटांवरील ग्रंथ निघाला, पन्नास चित्रांचा. (जुना समज तिने एकटीने मोडला, असे समाजमाध्यमांवर वारंवार वाचायला मिळते. ते खरे नव्हे. योहानेस गोडार्टसारखे निरीक्षक तिच्या आधीही होते. कीटक आणि त्याचे अन्नझाड एकाच चित्रात आणणे, हे मात्र तिचे वैशिष्ट्य.)

५/ १६९९ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीसह ती डचांच्या सुरीनाम वसाहतीत गेली. तेथील स्थानिक आणि गुलाम माणसांनी तिला किडे व वनस्पती आणून दिल्या. त्यांची नावे ग्रंथात नाहीत. पण १७०५ च्या त्या ग्रंथात एका झाडाविषयी तिने लिहून ठेवले: आपली मुले गुलाम होऊ नयेत म्हणून गुलाम स्त्रिया त्याच्या बिया गर्भपातासाठी वापरतात. ते झाड म्हणजे आपल्या अंगणातला शंकासुर.

६/ मारियाचा प्रयोग घरी करायचा असेल, तर कुंडीतले लिंबू किंवा कढीपत्ता पुरे. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी शोधा; मोठी झाली की ती हिरवी होते. पानासह बरणीत ठेवा, तोंडाला मलमलचे फडके बांधा, रोज ताजे पान द्या, तारीख घालून चित्र काढा. कोषातून फुलपाखराऐवजी गांधीलमाशी निघाली, तर तिचेही चित्र काढा.