अठ्ठ्याण्णववरचा साप

सापशिडी हा पोरांचा खेळ, असं म्हणणाऱ्यानं अठ्ठ्याण्णववरच्या सापानं गिळलेल्या मोठ्या माणसाचा चेहरा पाहिलेला नसतो.

या खेळाचं जुनं नाव मोक्षपट. तो ज्ञानेश्वरांनी रचला, असं आपल्याकडे परंपरेनं मानतात. उत्तरेत हाच ज्ञानचौपड. प्रत्येक घराला नाव. दया, भक्ती एकीकडे. अहंकार, मत्सर दुसरीकडे. सद्गुण शिडीनं वर नेणार, दुर्गुण सापाच्या तोंडी देणार. ७२ घरांच्या एका पटावर वैकुंठ ६८व्या घरात. ते ओलांडून पुढे गेलात, तर ७२व्यात तमोगुणाचा साप आ वासून बसलेला!

इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास हा खेळ विलायतेत विकायला काढला. वैकुंठ गेलं, काटकसर आणि उद्योग आले. अमेरिकेत १९४३ मध्ये सापही गेले आणि घसरगुंड्या आल्या. मोक्षाचं एवढं रोखीकरण आमच्या बँकेलासुद्धा जमलं नसतं.

पण हिशेबाला बसलं की गोम कळते. सारीपाटात निदान कुठली सोंगटी हलवायची, ते आपल्या हातात असतं. इथे सोंगटी एकच. दान पडेल तेवढी घरं चालायची, बस्स. आता मला सांगा, दयेच्या घरात पोचलेल्यानं दया केली कुणावर? त्याला चार पडले, एवढंच! दोनशे दानं आधीच टाकून कागदावर लिहून ठेवा आणि सोंगट्या पुढच्या रविवारी हलवा, निकाल तोच. म्हणजे डाव संपल्यावर आपण खेळायला बसतो, आणि वर फासा फुंकतो!

अमेरिकन पटाचं गणितही लोकांनी मांडलंय. कमीत कमी सात दानांत सुटका, सरासरीनं चाळीसच्या आसपास. त्यात पुण्याचा रकाना नाही.

मग पट शिकवतो तरी काय? मला वाटतं, एवढंच : शिडी मिळाली म्हणून आपण पुण्यवान नाही, आणि शेजाऱ्याला साप चावला म्हणून तो पापी नाही. हे पटतं मात्र साप चावलेल्यालाच. बँकेत बढती मिळालेला माणूस कर्तृत्वावर बोलतो, हुकलेला नशिबावर. फासा दोघांचा एकच होता, हे कोण सांगणार? सांगणाऱ्याची बदली व्हायची!